सावली की खड्डा

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. आमचाही होता, पण तो दागिन्यांवरून किंवा स्वयंपाकघरातल्या पाळ्यांवरून नव्हता, फ्रीजरमधल्या बरगड्यांवरून होता. एका सकाळी वाटाणे काढायला म्हणून मी फ्रीजर उघडला, तर वाटाण्यांच्या खाली एका पिशवीत मोठ्या जनावराच्या बरगड्या, खाटकाकडून साफ करून आणलेल्या, आणि त्यातल्या दोनांमध्ये चकचकीत स्क्रू पिळलेले. मी ती पिशवी उचलली आणि धाकटीच्या चहाच्या कपाशेजारी आपटली. ती म्हणाली, बरं झालं काढल्यात, मला त्या वितळायलाच हव्या होत्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. शिकून दातांची डॉक्टर झाली, पण दात काढत नाही, भरत नाही, घासून पांढरेही करत नाही. ती दातांचे आणि जबड्यांचे फोटो काढते आणि ते वाचते. लग्न होऊन आली तेव्हा शेजारणींनी विचारलं, नवी जाऊ काय करते, तर मी सांगून बसले, फोटो काढते. पुढे कितीतरी दिवस लोक मला त्यांच्या घरच्या समारंभाला ती मोकळी आहे का ते विचारत होते.

इतकं शिकून नुसते फोटो कशाला, असं मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं. तिने सांगितलं की तिला माणसाच्या तोंडात हात घालायला आवडत नाही, आत काय चाललंय ते बघायला आवडतं. मी म्हणाले, मग तू शेजारीण म्हणूनच नाव काढलं असतंस. तेव्हा ती हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकटीच हसायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कालचा आत्ता पोचला.

तिची जागा दंतवैद्यांच्या इमारतीत तळमजल्यावर आहे. बाहेर बाकं, आत शिशाचा पत्रा मारलेलं जड दार, आणि दारामागे ते यंत्र. माणसाने त्यात उभं राहायचं, हनुवटी एका खाचेत ठेवायची, दोन्ही मुठींनी दांडे धरायचे, आणि मग यंत्राचा हात डोक्याभोवती सावकाश फिरतो. धाकटी काचेमागून सूचना देते: हलू नका, गिळू नका, जीभ टाळूला लावून ठेवा. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर त्या माणसाचा जबडा येतो, आणि ती तो पावाच्या चकत्यांसारखा चकतीचकतीने बघत जाते. एकदा कोणी गृहस्थ मेहुण्याने फोटो काढला म्हणून मलाही हवा, असं सांगत आले होते. तिने त्यांना विचारलं, दुखतंय का? नाही. हलतंय का? नाही. मग तिने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं की किरणं म्हणजे मिठाई नाही, सगळ्यांना वाटायला. गृहस्थ रागावून गेले. ती शांतपणे पुढच्या माणसाकडे वळली.

लोकांना ती उद्धट वाटते. मलाही वाटली होती. पण मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते, गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं सांगायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. कापड कमी पडतंय हे कापायच्या आधी सांगणारा शिंपी उद्धट, आणि कापल्यावर सांगणारा नम्र, असा लोकांचा हिशोब असतो.

आता ते स्क्रू. पडलेल्या दाताच्या जागी हल्ली जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवतात आणि त्यावर दात चढवतात. हाड स्क्रूला घट्ट धरून बसलं की झालं. पण कधी कधी स्क्रूभोवतीचं हाड झिजायला लागतं, खड्डा पडतो, आणि दुखत मात्र काही नाही. वेळेवर कळलं तर हिरडी उघडून, साफ करून, खड्डा भरता येतो. उशिरा कळलं तर स्क्रू हलतो आणि काढावाच लागतो, आणि मग तिथे दुसरा बसवण्याइतकं हाड उरेल याची खात्री नसते.

हे कळायचं कसं, ते धाकटीने मला माझ्याच टेबलावर समजावलं. तिने दोऱ्याचं रीळ दिव्यासमोर धरलं आणि मागे कापड लावलं. म्हणाली, साधा एक्स-रे असा असतो, वहिनी. रिळाच्या डाव्या-उजव्या बाजूला कापड फाटलं असेल तर दिसेल, पण रिळाच्या अगदी पुढे किंवा मागे फाटलं असेल तर रीळच आड येतं. म्हणून मग डोक्याभोवती फिरणारं यंत्र, ते सगळीकडून बघतं. मी म्हटलं, मग अडलं कुठे? अडलं असं, की धातू त्या फोटोतही गडबड करतो. स्क्रूला लागून काळे पट्टे पाडतो, आणि दोन स्क्रू शेजारीशेजारी असतील तर मधल्या जागेत हमखास. खड्डाही फोटोत काळाच दिसतो आणि धातूची ही सावलीही काळीच. दोघांतला फरक ओळखणं हेच तिचं काम, आणि त्यात तिचं नाव होतं.

नाव कशावरून झालं तेही सांगते. ती शिकत असताना तिथल्या एका वरिष्ठांनी सावलीला खड्डा म्हटलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंची धडधाकट हिरडी उघडली, आत हाड जसंच्या तसं, आणि मग ती हिरडी काही केल्या नीट भरून येईना. धाकटी त्या बाईंच्या उशाशी बसली होती. तेव्हापासून तिने सावल्यांचाच अभ्यास धरला. बरगड्यांना वरून टणक साल असते आणि आत जाळी, आपल्या जबड्यासारखीच. म्हणून ती त्यांत स्क्रू बसवायची, यंत्रात ठेवायची, आणि धातू कुठे कुठे काळं फासतो ते बघत बसायची. माणसाला उगाच परत परत किरणं देता येत नाहीत, बरगडीला कितीही द्या. घाबरलेल्या डॉक्टरांचे फोन यायचे आणि ही जेवता जेवता सांगायची, काही नाही, सावली आहे. आणि ती सावलीच असायची.

तर अशी ही बाई, आणि तिच्यासमोर आला आमच्या ह्यांचा जबडा.

आमचे हे शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतात. काही वर्षांपूर्वी रंगमंचाच्या पायऱ्यांवर तारेत पाय अडकून तोंडावर आपटले आणि वरचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या ह्याच दोन दातांखाली धरायचं असतं. त्यामुळे हे दवाखान्यात रक्ताने भरलेला रुमाल तोंडाला लावून एकच गोष्ट विचारत होते, आणि ती दुखण्याबद्दल नव्हती. धाकटीच्या इमारतीतल्या मोठ्या डॉक्टरांनी दोन स्क्रू बसवले, दात चढवले, आणि काही महिन्यांनी घरात पुन्हा सूर लागला. मी नास्तिक बाई, पण त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडले असते. ते संकोची आहेत म्हणून वाचले.

वाद्यवृंदात पहिली खुर्ची मुख्य वादकाची, हे आयुष्यभर दुसऱ्या खुर्चीवर बसले. पहिल्या खुर्चीवरचे गृहस्थ निवृत्त झाले, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्याच कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा मोठा भाग ह्यांच्या वाट्याला आला. संचालकांनी तसं सांगितलं तेव्हा हे घरी येऊन दाराशीच उभे राहिले, चपला काढायचं विसरून. बातमी मला चेहऱ्यावरूनच कळली. मग रोज सकाळी तोच भाग, तीच वळणं, इतक्या वेळा की माझी शिलाईही त्या चालीत पडायला लागली.

आणि एके दिवशी वाद्याच्या तोंडावर लाल रेघ दिसली.

मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. डाव्या स्क्रूवरची हिरडी जरा लाल, जरा फुगलेली. बारीक सळईने हिरडीखाली किती खोल जातं ते मोजायला गेले, तर दाताचा फुगीर आकार आडवा येत होता, सळई सरळ जाईना. साधा एक्स-रे स्वच्छ. शेवटी धाकटीच्या यंत्रात उभं केलं. फोटोत दोन्ही स्क्रूंच्या मध्ये काळं, आणि डाव्या स्क्रूच्या पुढच्या अंगाला, म्हणजे ओठाकडे, एक काळी पट्टी. धाकटीने आधी स्क्रू बसवले त्या दिवशीचा जुना फोटो शेजारी लावला, तो तिचा नेमच आहे. तेव्हाही ओठाकडचं हाड पातळच होतं. मग नव्या फोटोकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, सावली आहे.

मोठे डॉक्टर खूश झाले. स्क्रू त्यांनी स्वतः बसवलेले, आपल्या हातच्या कामात खोट कोणाला हवी असते? म्हणाले, तीन महिने थांबू, मग परत बघू. हेही खूश. मी तर इतकी खूश की घरी येऊन धाकटीच्या फ्रीजरमधल्या पिशवीला जागा करून देण्यासाठी माझे वाटाणे खालच्या कप्प्यात हलवले.

जेवताना मात्र धाकटीचं लक्ष नव्हतं. भावजींनी दोनदा मीठ मागितलं, तिने दोनदा पाणी दिलं. मी भांडी आवरत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, तो फोटो मी फोटो म्हणून वाचला की दादांचा म्हणून वाचला, हे मला कळत नाहीये."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यातली ही गत. मी तिला म्हटलं, दुसऱ्या कोणाला दाखव मग. तिने तेही केलं होतं. नाव न सांगता फोटो दुसऱ्या गावच्या एका मैत्रिणीला पाठवला होता, तिचंही हेच काम. तिचं उत्तर आलं होतं की यावरून सांगता येत नाही, थांबून बघा. थांबण्यात धोका असा, की तो खड्डा असेल तर रोजच्या वाजवण्यात तो तीन महिने वाढत जाणार. आणि उघडण्यात धोका असा, की उघडलं की कार्यक्रम गेला. हिरडी आणि हाड भरून येईपर्यंत कित्येक महिने वाद्य तोंडाला लावायचं नाही. पहिली खुर्ची कोणासाठी तितका वेळ रिकामी ठेवत नाहीत.

मग तिने जे ठरवलं ते तिलाच सुचू जाणे. मोठ्या डॉक्टरांकडून तिने मुदत उलटलेले स्क्रू मागून आणले. ह्यांच्या दोन स्क्रूंमध्ये जितकं अंतर, तितकंच ठेवून त्यांनी ते बरगड्यांमध्ये जोडीजोडीने बसवून दिले. बरगड्या, एक छोटं हातयंत्र आणि गोल टोकाची सुई घेऊन ती माझ्या शिवणाच्या टेबलाशी आली. म्हणाली, आता यांतल्या काही स्क्रूंच्या पुढे तुम्ही खड्डे पाडायचे. काहींच्या मध्ये पाडायचे. काहींना हातही लावायचा नाही. कुठे काय केलंत ते मला सांगायचं नाही. मी फोटो काढून ओळखणार.

मी म्हटलं, मीच का? तर तिचं उत्तर तयार होतं. माझा हात स्थिर आहे. आणि भावजींना सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं.

हाड कोरताना जळक्या नखासारखा वास येतो. खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला फडकं बांधून मी बसले. कुठे मसुरीएवढा खड्डा पाडला, कुठे मोहरीएवढा, कुठे नुसतं वरचं हाड घासून कागदासारखं पातळ केलं. प्रत्येक बरगडीच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. कोणत्या रंगाला काय, ते मनात. मी गिऱ्हाइकांची मापं अशीच लक्षात ठेवते. वरून मेणाचा थर दिला, हिरडीसारखा, म्हणजे डोळ्यांनी बघून काही कळू नये. खरं सांगायचं तर मधेच मला मोह झाला. एकाही बरगडीला हात न लावता सगळ्या तशाच दिल्या असत्या, तर ही सगळ्यांना सावली म्हणाली असती, सगळं बरोबर आलं असतं, आणि आमचे हे कार्यक्रमात वाजवायला मोकळे झाले असते. हातयंत्र खाली ठेवून मी पाणी प्यायले. मग मुद्दाम अजून दोन खड्डे पाडले, लहानात लहान.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी त्या इमारतीत गेलो. बाकं रिकामी, जिना झाडलेला. बरगडी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची, तो डबा हनुवटीच्या खाचेवर, आणि यंत्र त्याच्याभोवती फिरवायचं. डबा माझ्या जेवणाचा होता हे मला तिथे गेल्यावर कळलं. ती पडद्यासमोर बसून एकेक वाचत गेली: हिरवा दोरा, मध्ये सावली, पुढे ठीक. लाल दोरा, पुढे खड्डा, मोठा. मी बाजूच्या खुर्चीत बसून, गिऱ्हाईक "मी बारीक झाले का हो?" विचारतं तेव्हा करते तसा चेहरा करून बसले. तिचा आवाज पहिल्या बरगडीला जसा होता तसाच शेवटच्या बरगडीलाही होता.

मग मी दोरे सोडत गेले आणि सांगत गेले. दोन स्क्रूंच्या मधल्या जागेबद्दल ती एकदाही चुकली नव्हती. मोठे खड्डे सगळे ओळखले होते. जिथे मी हात लावला नव्हता, तिथे तिने एकदाही खड्डा म्हटलं नव्हतं. पण ओठाकडच्या अंगाचे लहान खड्डे तिने जवळजवळ सगळे सोडले होते. प्रत्येकाला म्हणाली होती, सावली.

माझ्यावर तिचा विश्वास होता, तरी तिने निळ्या दोऱ्याची बरगडी घेतली, नखाने मेण काढलं आणि बोटाचं टोक त्या खड्ड्यात टेकवलं. मला वाटलं, आता ही रडणार, आणि धीर द्यायला मी जवळ सरकले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्या म्हाताऱ्या बाईंपासून हिने खड्डा हा शब्द इतका फुंकून वापरला होता की तो तोंडातून बाहेरच पडेनासा झाला होता. हे मी तिला म्हणणार, तेवढ्यात तिनेच मान वर केली. चेहरा लख्ख होता.

"मी एकाच बाजूला चुकते," ती म्हणाली. "हे चांगलं आहे, वहिनी. एकाच बाजूला चुकणारा काटा वापरता येतो."

मला ते चटकन पटलं, कारण माझी जुनी टेप ताणून लांब झालेली आहे आणि मी दर मापाला थोडं सोडून कापते. कपडे नीट बसतात. पण पटल्याबरोबर त्याचा अर्थही डोक्यात उतरला: ह्यांच्या डाव्या स्क्रूच्या पुढेही ती सावलीच म्हणाली होती.

त्या संध्याकाळी हे सराव करून आले. धाकटीने त्यांना बसायला सांगितलं, समोर स्वतः बसली. भावजी दाराशी, मी ओट्यापाशी. तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं की हिरडी उघडावी लागेल, आणि थांबून चालणार नाही. ह्यांनी वाद्याची पेटी अजून हातातच धरली होती. ती मांडीवर ठेवत त्यांनी विचारलं, "तुला फोटोत खड्डा दिसतोय का?"

"नाही, दादा. मला सावलीच दिसतेय. म्हणूनच उघडायचं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हा कुठला न्याय? दिसतंय ठीक आणि तरी चिरायचं, मग तुझ्या त्या यंत्राचा उपयोग काय, फ्रीजर अडवण्यापुरता? बोलायला लागले की मी थांबत नाही, तेव्हाही थांबले नाही. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग तिने ह्यांना बरगड्यांचं सगळं सांगितलं: हिरडी लाल असताना ओठाकडे काळं दिसलं, तर तिच्या सावली या शब्दावर विसंबता येत नाही, हे आता तिला माहीत आहे. मधलं काळं सोडून द्यायचं, ते सावलीच आहे, त्याबद्दल तिला शंका नाही. डाव्या स्क्रूच्या पुढे बघायचं. उघडून काही निघालं नाही, तर तिच्यामुळे कार्यक्रम गेला असं आयुष्यभर म्हणायची ह्यांना मुभा आहे.

हे पेटीवर बोटं वाजवत बसले. मग त्यांनी तिला विचारलं, तुझा नवरा माझ्या जागी असता तर काय केलं असतंस? ती म्हणाली, त्याला विचारलंही नसतं, नेलं असतं. भावजी दाराशी जरा सरळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी संचालकांना कळवलं. तो भाग शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला दिला गेला, आणि हे तिला त्यातली वळणं समजावायला स्वतः गेले. मला धाकटीचा इतका राग आला होता की मी चार दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले, आणि त्याच चार दिवसांत ती माझ्या हाताखाली येऊन न सांगता भाज्या निवडत होती. मोठे डॉक्टरही आधी कुरकुरले, पण बरगड्या हातात घेऊन बघितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, स्क्रू माझा आहे, उघडतोही मीच.

ज्या दिवशी उघडायचं त्या दिवशी धाकटी आत गेली. रक्त तिला बघवत नाही, कधी जात नाही, त्या दिवशी गेली. मी आणि भावजी बाहेर. दाराच्या काचेला पडदा. मी हातात कोणाच्या तरी शर्टाची बटणं लावायला घेतली होती, ती सगळी उलट्या बाजूने लावली. आत काही निघू नये असं वाटत होतं, म्हणजे ह्यांचं हाड शाबूत. आणि निघावं असंही वाटत होतं, म्हणजे कार्यक्रम फुकट गेला नाही, आणि आमची धाकटी खोटी पडली नाही. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्याची मला लाजही वाटत होती.

दार उघडलं. धाकटीने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. चेहरा पांढरा, पण उभी सरळ.

"होता, वहिनी. डाव्या स्क्रूच्या पुढे. निम्मा स्क्रू उघडा पडला होता. मध्ये हाड ठणठणीत आहे. स्क्रू हललेला नाही, वाचेल."

नवऱ्याच्या जबड्यात खड्डा निघाला म्हणून आनंदाने रडणारी मी पहिलीच बाई असेन. चार दिवसांचा राग, इतक्या वर्षांचा उभा दावा, सगळं तिच्या खांद्यावर ओतलं, आणि तिच्या कोटावर माझ्या नाकाचं काय काय लागलं ते तिने नंतर धुऊन काढलं.

खड्डा भरला, टाके घातले. कार्यक्रमाला हे प्रेक्षकांत बसले, मी शेजारी. ती मुलगी सुंदर वाजवत होती आणि ह्यांचे ओठ मिटल्या मिटल्या तिच्याबरोबर हलत होते. मी त्यांचा हात धरला नाही, त्यांना आवडलं नसतं. पुढे महिने गेले. पातळ जेवण, मग मऊ, मग साधं. पहिली खुर्ची त्या मुलीकडेच राहिली, आणि हे दुसऱ्या खुर्चीवर परत जाणार असं ठरलं. ते सांगताना ह्यांना वाईट वाटलं, आणि वाटलं असं ते म्हणालेही. परत जायला मिळतंय हे त्यांनी त्यानंतर सांगितलं.

मोठ्या डॉक्टरांनी एकदाची परवानगी दिली, त्या दुपारी ह्यांनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार लावलं. आतून पेटीच्या कड्या उघडल्याचा आवाज आला, वाद्याचे तुकडे जोडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, धाकटी दाराशी. मग एक सूर आला, लांब, साधा, सुरुवातीला खरखरीत, मग हळूहळू स्थिर होत गेलेला, आणि तो थांबला नाही.

धाकटीला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तिला सगळे सूर सारखेच. ती माझ्याकडे वळली, आणि सगळ्यांना छातीठोकपणे सांगणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा प्रश्न बघितला.

"बरोबर आहे का, वहिनी? मला नाही कळत. खरं सांगा."

तिला खरंच हवं होतं, म्हणून मी कान देऊन ऐकलं.

"थोडा खाली लागलाय," मी म्हणाले. "पण त्यांचाच आहे."